यंग-सू आणि आमचे उकंडा आबाजी

आमची पुतणी बारावी सायन्सला आहे अन् अभ्यासातून डोकं वर काढलं की मोबाईलवर कोरियन काहीतरी लावून बसते, आता हे यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याच गावात नवीन राहिलेलं नाही, टॉवर आला तिथं कोरिया आला. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्यापाशी येऊन बसली अन् म्हणे, "काका, पाय ना, या लोकाइचं मले समजतच नाही. दर खेपेस नवे पोट्टे येतात, अन् दर खेपेस त्यातल्या एकाचं नाव यंग-सूच असते."

लग्न जुळवायचा कार्यक्रम होता तो. चार-पाच मुलं, चार-पाच मुली, काही दिवस एकत्र ठेवतात. त्यात कोणाचं खरं नाव सांगत नाहीत, कार्यक्रमवालेच नावं वाटून देतात. यंग-सू, यंग-हो, यंग-चोल, क्वांग-सू, ही त्यांच्याकडची जुन्या वळणाची नावं, म्हणजे आपल्याकडं पंचवीस-तीस वर्षाच्या पोराला एकदम पांडुरंग, गुलाब, किसन म्हणावं तसं. तिला गंमत वाटत होती. माझं मात्र त्या नावात मन अडकलं.

मी ग्रामपंचायतीत सेवा केंद्र चालवतो. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, दाखले, आधारची दुरुस्ती, दिवसभर माझ्या हातून नावंच जातात. आपल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात बिननावाची नोंद चालते, नाव मागाहून टाकता येतं, म्हणून कितीतरी लेकरं माझ्यासमोर आधी नुसती 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतात अन् मग एक दिवस त्यांचा बाप येऊन सांगतो की नाव ठरलं बा, टाकून द्या. तो सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघत जा कधी. म्हणून मला कुठलंही नाव फालतू वाटत नाही, अन् दर खेपेला परत येणारं नाव तर नाहीच नाही. बसलो मग शोधत, पंधरा-वीस दिवस रोज रात्री.

तर यंग-सू. कोरियात आडनाव आधी अन् नाव नंतर. आडनावं अगदी मोजकी, २०१५ च्या जनगणनेत शंभरातले एकवीस-बावीस लोक किम निघाले, किम, ली अन् पार्क ही तीन धरली तर जवळपास निम्मा देश झाला. एखाद्या तांड्यात शिरा, दर घरावर राठोड नाहीतर चव्हाण नाहीतर पवार, तसंच समजा, आडनावावरून माणूस सापडतच नाही. सगळा भार नावावर. अन् नाव बहुतेक दोनच अक्षरांचं, अक्षर म्हणजे आपण तोंडानं म्हणतो तसं, यंग एक अन् सू एक.

खरी गोष्ट इथून पुढं आहे. कोरियन लिपी राजा सेजोंगनं १४४३ मधे तयार केली अन् १४४६ मधे लोकांसाठी जाहीर केली, ती आवाज लिहिते, आपल्या देवनागरीसारखी. पण नावामागचा अर्थ पूर्वापार चिनी चित्राक्षरांतून येतो, त्यांना ते हांजा म्हणतात. एकाच 'यंग' आवाजामागं कितीतरी हांजा अक्षरं आहेत. एक यंग म्हणजे कायमचं, न संपणारं, जुन्या व्युत्पत्तीत त्याचा अर्थ लांबच लांब वाहत जाणारं पाणी. दुसरा यंग म्हणजे वैभव, भरभराट. तिसऱ्याच्या डोक्यावर गवताची खूण आहे, मूळ अर्थ फूल, त्यावरून मग उमदा, पराक्रमी माणूस. 'सू'चंही तसंच. एक सू म्हणजे दीर्घायुष्य. एक सू म्हणजे राखण करणं. एक सू चीनमधल्या एका नदीचं नाव, जिच्या काठानं तिथला जुना विचारवंत कन्फ्युशियस शिकवायचा. म्हणजे वर्गात चार यंग-सू बसले असतील तर चौघांची नावं ऐकायला एक अन् अर्थानं चार वेगळी असू शकतात. एकाच्या बापानं 'न संपणारं आयुष्य' मागितलं, दुसऱ्याच्या बापानं 'फुलासारखा उमदा हो' म्हटलं, हाक मात्र दोघांना एकच.

सरकारी दप्तराचा माणूस म्हणून मला हेही वाचून बरं वाटलं की नावात कुठलं हांजा चालेल त्याची तिथं यादीच आहे, १९९१ मधे २,८५४ अक्षरांची केली, वाढत वाढत २०१५ ला ८,१४२ झाली, नंतर अजून वाढली. लोक आपल्या आवडीच्या अक्षरासाठी मागं लागले असतील तेव्हाच यादी एवढी वाढते ना.

पण सगळ्यात जास्त मी ज्या 'सू'पाशी थांबलो तो अजून सांगितलाच नाही. नावात फार चालणारा एक सू आहे, त्याचा आजचा अर्थ उत्कृष्ट, सरस. त्या अक्षराच्या वरच्या भागात धान्याच्या रोपाचं चित्र आहे अन् त्याचा जुना अर्थ, पिकानं कणीस बाहेर टाकणं. म्हणजे निसवणं! आपल्याकडं ज्वारी आधी पोटरीत येते, पानाच्या गुंडाळीत कणीस पोटुशी बाईसारखं लपून असतं, अन् मग एका आठवड्यात सगळं वावर निसवतं. ज्यानं ज्वारी पेरली त्यालाच ते बघायचं सुख माहीत आहे, आता आमच्याकडं जिकडंतिकडं कपाशी अन् सोयाबीन झालं तो भाग वेगळा. तर 'यंग-सू' म्हणजे एका बाजूनं 'हा निसवू दे'. कन्फ्युशियसचं एक बोलणं आहे याच अक्षराचं, की काही रोपं उगवतात पण निसवत नाहीत, अन् काही निसवतात पण दाणा भरत नाही. त्याचा लाडका शिष्य तरुणपणी गेला, त्याच्या दुःखात तो हे बोलला असं जुनी जाणकार मंडळी मानत आली. मी ते वाचलं अन् मोबाईल खाली ठेवला थोडा वेळ. आमच्या आबाजीच्या, म्हणजे आजोबांच्या, घरात हेच झालं होतं.

आबाजीचं नाव उकंडा. आधार कार्डावर उकंडराव आहे. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, उकंडा म्हणजे उकिरडा, शेणकचरा टाकतो ती जागा. आमच्या भागात आबाजीच्या पिढीत हे नाव घरोघर होतं, अन् जोडीला कचरू, धोंडू, दगडू, सुपडा, भिका. माझे वडील नोकरीच्या अर्जात बापाच्या नावाच्या जागी नुसतं 'यू' लिहायचे. शाळेत हजेरीला पोरं हसायची म्हणे त्यांना. त्यांनी कधी उघड सांगितलं नाही, मला मोठं झाल्यावर आईनं सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढायला गेलो होतो, तिलाही सोबत नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्वातंत्र्याच्या आधी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची माहिती द्यायचा, त्याची ती जुनी रजिस्टरं. पानं चहाच्या रंगाची झालेली, कडा बोट लावलं की सुटतात, शाई तेवढी अजून काळी. पणजोबाचं नाव पहिल्यांदा सापडलं ते १९३९ च्या पानावर, पुढं नुसतं 'मुलगा'. मग मरणाच्या पानावर परत पणजोबाचं नाव, मुलगा, वय दिवस नऊ, कारण ताप. मग १९४१ मधे मुलगा, अन् चार महिन्यांनी परत ताप. मग १९४३. पुतणी बोट ठेवून वाचत होती, तिसऱ्या नोंदीला तिनं बोट उचललं अन् माझ्याकडं बघितलं. १९४५ च्या जानेवारीत शेवटी परत एक 'मुलगा', अन् त्याच्यापुढं मरणाच्या पानावर काही नाही. ते आबाजी. चौघांपैकी एकाचंही नाव लिहिलेलं नाही.

आबाजी एक्क्याऐंशीव्या वर्षात आहेत, कान थोडा जड झाला पण डोकं एकदम साफ. त्यांना विचारलं तर ते बाजेवरून म्हणाले, "माह्या आंधी तीन गेले. मंग मी झालो तं मायनं मले सुपात घातलं अन् उकंड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची बाई ठरवूनच ठेवली होती, तिनं उचललं. मायनं पायलीभर जवारी देल्ली तिले अन् मले इकत घेतलं. सटवाईले वाटलं पायजे ना का हे यायचं नव्हेच, हे तं उकंड्यावर सापडलं. कचरा कोन नेते बाप्पा?"

तर १९४५. दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाकडं तिथल्या नावांच्या नोंदी असतात, त्यात १९४५ मधे जन्मलेल्या मुलांचं सगळ्यात जास्त ठेवलेलं नाव काय तर यंग-सू. आमच्या पणजीनं ज्या वर्षी लेकरू उकंड्यावर ठेवलं त्याच वर्षी. १९४८ लाही तेच पहिलं, १९५८ लाही तेच. मधल्या काळात त्या देशावर काय गेलं बघा. १९१० पासून जपानचं राज्य. १९४० मधे जपान्यांनी फर्मान लागू केलं की कोरियन लोकांनी जपानी पद्धतीची घराण्याची नावं लावावी, हवं तर स्वतःचं नावही बदलून घ्यावं, सहाच महिन्यांत जवळजवळ ऐंशी टक्के घरांना ते करावं लागलं. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या वंशावळीची पोथी जपतात, आपल्याकडं भाट येऊन वही वाचतो ना तशी, त्यांच्याच तोंडून त्यांचं नाव काढून घेतलं. १९४५ च्या ऑगस्टमधे जपान हरला, १९४६ च्या ऑक्टोबरमधे नावं परत करायचा हुकूम निघाला. अन् १९५० ते १९५३ लढाई, सगळा देश होरपळला. अशा दिवसांत लोक लेकरांची नावं ठेवत होते, अन् सगळ्यात जास्त बापांच्या तोंडी तेच दोन आवाज येत होते. सगळ्यांचं हांजा दीर्घायुष्याचं नव्हतं, ते कबूल. पण न संपणारं, भरभराटीचं, निसवणारं, राखणारं, यातलं कुठलंही घ्या, मागणं एकच निघतं की बाबा हा राहू दे, वाढू दे.

मुलींचं सांगायचं राहिलं. १९४५ मधे मुलींत पहिलं नाव यंग-जा. त्यातला 'जा' म्हणजे जपानी बायकांच्या नावाच्या शेवटी येणारा 'को', अक्षर तेच. राज्य गेलं तरी ते पोरींच्या नावात काही वर्षं मागं राहिलं.

त्यांच्यातही उकंडा आहेत का, हे शोधायला मी उगाचच भीत होतो, वाटत होतं नसतील. आहेत! जुन्या काळी तिथं लेकराला आधी एक घरगुती नाव असायचं अन् मोठं झाल्यावर पक्कं नाव मिळायचं. ते घरगुती नाव मुद्दाम हलकं ठेवायचे, हलक्या नावाचं लेकरू जास्त जगतं म्हणून. त्यात सगळ्यात गाजलेलं नाव गे-त्तोंग, म्हणजे कुत्र्याची विष्ठा. अन् हे काही गरिबाघरचंच नव्हे, राजा गोजोंग, १८५२ मधे जन्मलेला, जोसन घराण्याचा सव्विसावा राजा, १८९७ मधे ज्यानं स्वतःला सम्राट जाहीर केलं, त्यालाही लहानपणी घरात गे-त्तोंगच म्हणायचे. हे मी आबाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, राजाले? मी म्हटलं हो, राजाला. "मंग राजाच्या मायलेही भेव होतं म्हना," एवढं म्हणून ते कितीतरी वेळ चुन्याची डबी हातात फिरवत बसले.

म्हणजे दोन वाटा. एक, देवाला सरळ सांगणं की याला लांब आयुष्य दे. दुसरी, ज्याची नजर लागते त्याला सांगणं की इथं नेण्यासारखं काही नाही. कोरियन माय दोन्ही वाटा धरत होती, घरात गे-त्तोंग अन् वंशावळीत यंग-सू. आमच्या पणजीकडं एकच नाव होतं, तिनं ते भीतीच्या नावानं खर्च केलं, अन् आबाजी ते ऐंशी वर्षं अंगावर घेऊन चालले. हजेरीला हसणाऱ्या पोरांना हे कोणी सांगायला पाहिजे होतं असं मला फार वाटतं.

अजून एक बारीक गोष्ट, ही मला पुतणीनंच दाखवली. घरात यंग-सूला हाक मारायची तर शेवटी 'या' लावतात, यंग-सू-या! नावाच्या शेवटी स्वर असला की 'या', व्यंजन असलं तर नुसतं 'आ'. हे फक्त लहानाला किंवा बरोबरीच्याला, मोठ्या माणसाला नावानं हाक मारायचीच नाही, आपल्याकडं नवऱ्याचं-सासऱ्याचं नाव घेत नव्हते तसं. अन् आबाजीची माय त्यांना हाक मारायची उकंड्या. लेकरू झालं की तिथल्या बाईला शेजारीपाजारी 'यंग-सूची आई' म्हणतात, इथं पणजीला सगळं गाव 'उकंड्याची माय' म्हणायचं, तिचं स्वतःचं नाव आबाजींना सोडून आता कोणालाच सांगता येत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं आहे.

यंग-सू, यंग-हो, यंग-चोल ही नावं मला आधी सारखी सारखी वाटायची, त्याचंही कारण सापडलं. बऱ्याच घराण्यांत एका पिढीच्या सगळ्या भावांना, सख्ख्या अन् चुलत, म्हणजे बापाकडच्या, मावस-मामे नव्हे, एक अक्षर सामाईक असतं. ते अक्षर घराण्यानं आधीच ठरवून ठेवलेलं, अन् बऱ्याच ठिकाणी ते पंचतत्त्वाच्या क्रमानं चालतं. त्यांची पाच तत्त्वं लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. लाकडातून अग्नी, अग्नीतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, अन् पाण्यावर परत लाकूड वाढतं. तो नदीवाला 'सू' आहे ना, त्याच्या अंगात पाण्याची खूण आहे, म्हणजे ज्या घरात तो पिढीचं अक्षर म्हणून आला तिथं बापाच्या अक्षरात धातू असणार अन् लेकाच्या अक्षरात लाकूड. दोन अनोळखी माणसं एका घराण्याची निघाली तर नावावरूनच कळतं कोण कोणाचा काका लागतो, वय काही का असेना. मला हे फारच आवडलं.

आता यंग-सू कोणी ठेवत नाही फारसं. १९६८ ला सोंग-हो पहिला आला, १९७८ ला जोंग-हून, १९८८ ला जी-हून, १९९८ ला डोंग-ह्यन, २००८ ला मिन-जुन. आपल्याकडं आरव, शिवांश, रुद्र आले तसंच. माझ्या नोंदवहीत गेल्या कित्येक वर्षांत एकही उकंडा नाही, कचरू नाही, दगडू नाही. दवाखाने आले, लसी आल्या, आशाताई घरोघर फिरतात, लेकरं जगायला लागली, अन् ती नावं लागेनाशी झाली. ती गेली याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. ज्यांच्या अंगावर ती अजून आहेत त्यांच्याकडं बघून कोणी हसतं त्याचं वाटतं.

दिवाळीनंतर बाराव्या दिवशी धाकट्या भावाला मुलगा झाला. आईनं बाळंतिणीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला, संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. पुतणी म्हणे कोरियातही लेकरू झालं की दारावर गवताचा दोर बांधायचे, डाव्या पिळाचा, रोजचा दोर उजव्या पिळाचा असतो म्हणून हा मुद्दाम उलटा, अन् मुलगा असला तर त्यात लाल मिरच्या खोवायच्या, मुलगी असली तर देवदारासारखी हिरवी डहाळी, कोळसा दोघांनाही. एकवीस दिवस बाहेरच्यानं आत यायचं नाही. मग शंभराव्या दिवशी गोडधोड, लेकरू शंभर दिवस टिकलं म्हणून. आईनं हे सगळं नीट ऐकून घेतलं अन् विचारलं, "मिरच्या वाळलेल्या का वल्या?" पुतणीला सांगता आलं नाही, ती फोटो शोधत बसली.

बारशाला आबाजी पाळण्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. आत्यानं कानात नाव सांगितलं, चांगलं आहे, तेजाचं नाव आहे. आबाजींनी अर्थ विचारला, मान हलवली. मग पुतणीनं वहीचा एक कागद फाडून आणला. त्यावर तिनं कोरियन लिपीत तीन ठोकळे काढले होते. पहिल्यात वर शून्यासारखा गोल, खाली आडवी रेघ अन् तिला लोंबणारी छोटी दांडी. तो 'ऊ'.

"हे काय होये?" आबाजी म्हणाले.

"तुमचं नाव आहे, आबाजी. कोरियन लोक असं लिहितीन. ऊ, खान, दा."

आबाजींनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेला. "वरचा कोनता?" तिनं त्यांचं बोट धरून पहिल्या गोलावर ठेवलं. ते बोट त्या गोलावरून दोनदा फिरलं, मग पुढच्या ठोकळ्यावर गेलं, मग तिसऱ्यावर. तोंडानं हळूच म्हणाले, ऊ, खान, दा. मग कागदाची बारीक घडी घातली अन् खिशातलं पाकीट काढून आधार कार्डाच्या मागं सरकवून ठेवली.